आखाडातला जन्म, जूनची तारीख

आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला जन्मतारीख विचारा, बरेचजण १ जून सांगतील. शाळेत नाव घालताना मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का बघायचे. पोचला की वय बसलं, आणि रजिस्टरात जूनची एक तारीख पडली. गावात त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते पोरं अमेरिकेत, कॅनडात, दुबईत जाऊन बसल्यावर.

नांदेडला वजिराबादेत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सुरुवात टाइपरायटरवर झाली. प्रतिज्ञापत्रं, रहिवासी दाखल्याचे अर्ज, बटईचे करारनामे. मग पासपोर्टचे फॉर्म भरायला लागलो. हळूहळू ज्यांच्या घरचं कुणी परदेशात आहे ते लोक प्लास्टिकच्या पिशवीत घरातले सगळे कागद घालून माझ्या टेबलावर ओतायला लागले. मी वकील नाही. एजंटही म्हणवून घेत नाही, त्या शब्दाची आमच्याकडे काय इज्जत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण इतकी वर्षं लोकांचे कागद एकमेकांशी ताडून बघितल्यावर एक गोष्ट पक्की कळली. परदेशातल्या माणसाचं काम तिथे क्वचितच बिघडलेलं असतं. ते गावातच, वीस-तीस वर्षांपूर्वी, कुठल्यातरी रजिस्टरात बिघडून बसलेलं असतं.

अर्धापूर तालुक्यातल्या एका गावचा मुलगा न्यू जर्सीत होता. ग्रीन कार्ड शेवटच्या टप्प्यात आलं आणि कंपनीच्या वकिलाने जन्माचा दाखला मागितला. भाऊ ग्रामपंचायतीत गेला तर नोंदच नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण सुईणीच्या हातून घरात झालेल्या बाळाची खबर ग्रामपंचायतीला द्यायची असते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भावाला वाटलं, दंडाधिकाऱ्याचा आदेश आणून आत्ता नोंद करून टाकू. तसं करता येतं, पण वेळ खातं, आणि चाळीस वर्षांनंतर काढलेल्या दाखल्याकडे अमेरिकेतले अधिकारी तसंही संशयाने बघतात. शाळेचा पुरावा आणि नातेवाइकांची शपथपत्रं मागतातच. म्हणून अशा वेळी मी सरळ अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायला सांगतो. नोंद उपलब्ध नाही असं ग्रामपंचायतीनं लिहून द्यायचं, आणि जन्म माहीत असलेल्या दोघांनी शपथपत्र करायचं. आई हयात असेल तर तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

ही आई मात्र सही करेना. शपथपत्र वाचून दाखवलं तशी म्हणाली, ‘‘बाबा, माझं लेकरू आखाडात झालंय. पाऊस असा होता की सुईण नदीच्या त्या बाजूला अडकली होती. जूनमध्ये कुठला आलाय एवढा पाऊस? मी खोटं लिहून देणार नाही.’’ मुलगा तिकडून फोनवर विनवतोय, भाऊ डोक्याला हात लावून बसलाय. मला मात्र म्हातारीचं बरोबर वाटलं. शपथ म्हणजे शपथ. पण पासपोर्ट, डिग्री, व्हिसा सगळीकडे १ जून लागलेलं, तेही आता हलवता येणार नव्हतं. मग वाक्य बदललं. ‘माझ्या मुलाचा जन्म आमच्या राहत्या घरी झाला असून शाळेच्या नोंदीनुसार त्याची जन्मतारीख १ जून आहे.’ शाळेत काय लिहिलंय ते खरंच होतं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं, ‘‘शाळेनुसार’’ हा शब्द ऐकून मान हलवली आणि अंगठा उठवला. तेव्हापासून असं शपथपत्र टाइप करताना आधी म्हातारीला विचारतो, पाऊस होता का.

आता नव्या पोरांबाबत नियम साफ आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालतो, शाळेची टीसी नाही. तरी आजही दाखले येतात त्यात बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो. दवाखान्यानं नोंद केली, बारसं बारा दिवसांनी झालं, पुन्हा नगरपालिकेत कुणी गेलंच नाही. नाव नंतर घालून मिळतं. पण व्हिसाची तारीख ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा बारशाच्या आठवड्यात जावं, एवढंच सांगतो.

तारखेपेक्षा जास्त घोळ नावांचा. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, उखाणे होतात, फोटो निघतात. पुढे रेशन कार्डावर नवं नाव, दहावीच्या सनदेवर जुनं, आधारवर नवं नाव आणि माहेरची जन्मतारीख, बँकेत आणखी तिसरंच. तांदळावरच्या नावाला कागदावर उतरवायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. माझ्या दुकानात येणाऱ्या नव्या नवरीला मी हल्ली स्पष्ट विचारतो, पासपोर्ट आधीचा आहे ना? मग आहे तेच नाव राहू दे. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम कुठेही नाही. सासूबाईंना घरात हवं त्या नावानं हाक मारू दे. यावर एक-दोन सासवा मला बोलल्या आहेत. त्यांच्या मुलाचं डिपेंडंट व्हिसाचं काम मात्र एका फेरीत झालं.

त्या व्हिसाला लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची गंमत वेगळी. नवरदेव तीन आठवड्यांच्या रजेवर आलेला, लग्न मे महिन्यात, नोंदणीच्या अर्जावर भटजींची सही हवी. भटजी त्या दिवशी तीन मुहूर्त लावून दुसऱ्याच तालुक्यात. एका भटजींना आम्ही नरसी फाट्यावर गाठून टपरीच्या बाकड्यावर सही घेतली होती. आता लग्न ठरलं की सांगतो, अर्ज आधी घेऊन जा आणि दक्षिणा देताना सही घ्या.

आडनावाच्या रकान्याचंही तसंच. पासपोर्टवर आडनाव कोरं आणि नावही एकच शब्द अशी कितीतरी माणसं आमच्या सीमाभागातून आखातात गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अशा एकेरी नावाच्या लोकांना भेटीच्या व्हिसावर घेणं थांबवलं तेव्हा दुकानात एकच गर्दी झाली. फॉर्म भरतानाच वडिलांचं नाव, आडनाव नीट बसवलं असतं तर ती वेळ आली नसती. पण तेव्हा फॉर्म भरणाऱ्याला प्रत्येक अर्जामागे पैसे मिळत होते, विचारपूस करण्याचे नव्हे.

देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हा पट्टा तेलंगणाला लागून. पलीकडे निजामाबाद, निर्मल, आदिलाबादची गावंच्या गावं आखातात कमावतात, आणि सोयरिकी, बाजार, उधारी सगळं इकडेतिकडे चालतं. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाचा आखाताचा रस्ता मुंबईपेक्षा हैदराबादवरून जातो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर लागतं. म्हणजे १८ ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. १९८३ च्या कायद्याची ही अट आहे आणि ती मजुराच्या भल्याची आहे, हे पटवून देण्यात माझा अर्धा घसा गेला. लोकांना तो शिक्का म्हणजे डाग वाटतो. एक बाई तर अमेरिकेला सुनेच्या बाळंतपणाला निघाली होती आणि पासपोर्टवर ईसीआर बघून रडत बसली. तिला सांगितलं, मावशी, अमेरिका त्या यादीतच नाही, आणि तुम्ही नोकरीला थोड्याच चाललात?

क्लिअरन्स टाळायचा म्हणून एजंट पोरांना भेटीच्या व्हिसावर पाठवतो आणि म्हणतो, तिकडे गेल्यावर बदलून देऊ. कायद्यानं नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटाला मजुराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. हा माणूस दीड-दोन लाख घेतो, पावती देत नाही, आणि नोंदणी आहे का विचारलं तर मेहुण्याचा नंबर देतो. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. ती बघायला दहा मिनिटं लागतात. लोक शेत गहाण टाकण्याआधी दहा महिने विचार करतात, पण ही दहा मिनिटं काढत नाहीत.

बिलोली तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. मुलगा रंगकामाला दुबईकडे गेला होता, भेटीच्याच व्हिसावर. एका सकाळी त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या पोराचा फोन आला, रात्री छातीत दुखलं आणि गेला. बापाला पोरगा कोणत्या कंपनीत आहे ते माहीत नव्हतं. खोलीवाल्याला दूतावासात बोलायचं धाडस नव्हतं, त्याचाही व्हिसा संपलेला. परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ नावाचं पोर्टल २०१५ पासून आहे, त्यावर तक्रार टाकायला बसलो आणि अडलो, पासपोर्टचा नंबर काय? पासपोर्ट तिकडे. झेरॉक्स नाही. फोनमध्ये त्याचे पन्नास फोटो, बुर्ज खलिफासमोरचे, उंटाबरोबरचे, पण पासपोर्टच्या पानाचा एकही नाही.

बहिणीने घरातली पत्र्याची ट्रंक रिकामी केली. तळाशी पिवळी पडलेली एक चिठ्ठी निघाली, आखाताच्या नोकरीआधी होणाऱ्या गामकाच्या मेडिकलची. आधी एकदा तो सौदीला रीतसर जाऊन आला होता आणि तेव्हा हैदराबादला तपासणी झाली होती. फोटो, वजन, रक्तगट आणि कोपऱ्यात पासपोर्टचा नंबर. त्या एका नंबरावर पुढचं सगळं चाललं. तिकडचा मृत्यूचा दाखला, पोलिसांचं पत्र, दूतावासाने पासपोर्ट रद्द करून दिलेली ना-हरकत, इकडून बापाचं नोटरी केलेलं संमतीपत्र, मृतदेह कोण ताब्यात घेणार त्याचं नाव. मालक कागदोपत्री नव्हताच, म्हणून खर्च कोणाचा हा प्रश्न उभा राहिला. अशा प्रसंगांसाठी २००९ पासून दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, तो इथे उपयोगी पडला. हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून रुग्णवाहिका गावात पोचली तोवर फोन येऊन बरेच आठवडे झाले होते.

माणूस गेल्याचं दुःख घरच्यांचं. माझ्या वाट्याला त्याच्या पुढचं आलं. रीतसर क्लिअरन्स घेऊन गेला असता तर प्रवासी भारतीय बीमा योजनेत असता. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यूला दहा लाखांचं संरक्षण. याचा मृत्यू अपघाती नव्हता, तेव्हा मुख्य रक्कम मिळालीच असती असं मी म्हणत नाही. पण मालक कोण, करार काय, पगार किती थकला, हे तरी कागदावर असतं. आणि ग्रामसेवक मृत्यूची नोंद घेईना. त्याचं चुकलं नव्हतं, मृत्यू जिथे घडला तिथेच नोंद होते. दूतावासाची मृत्यूनोंद लागली तेव्हा कुठे सातबाऱ्यावर वारस लागले.

त्यानंतर आखातात जाणाऱ्या प्रत्येकाला मी न मागता एक काम करून देतो. पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसा, करार, मालकाचा पत्ता यांच्या तीन प्रती. एक घरात, एक बायकोच्या माहेरी, एक त्याच्या स्वतःच्या फोनमध्ये आणि ईमेलवर. तिकडे पासपोर्ट मालकानं काढून घेतला तरी प्रत हातात असली की दूतावासातून इमर्जन्सी सर्टिफिकेट काढून परत येता येतं. या झेरॉक्सचे मी पैसे घेत नाही. घेतले तर दोन प्रतींवरच भागवतील.

लातूरकडची गोष्ट वेगळी. तिथे शिकवण्यांचा बाजार मोठा, डॉक्टर व्हायचं स्वप्नही मोठं. इथे जागा हुकली की पोरं युक्रेन, रशिया, किरगिझस्तान, फिलिपिन्सला निघतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये कीववर बॉम्ब पडायला लागले तेव्हा लातूर-नांदेड दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाला पालकांकडून नावं गोळा करावी लागली, कारण कोण कुठल्या शहरात आहे याची नीट यादीच कुणाकडे नव्हती. परदेशात गेल्यावर दूतावासाच्या संकेतस्थळावर आपली नोंद करता येते, फुकट. सक्ती नाही म्हणून कुणी करत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं केली होती, तीही वडील पोस्टमास्तर असल्यामुळे. घरात रजिस्टर पोस्टाची पावतीसुद्धा जपून ठेवायची सवय.

पोरं सरकारच्या ऑपरेशन गंगाच्या विमानांनी परत आली, पण कागद तिकडेच राहिले. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, टीसी, जन्माचा दाखला, सगळं विद्यापीठाच्या कार्यालयात जमा. मग लातूरच्या विभागीय मंडळातून दुय्यम गुणपत्रिका काढायच्या रांगा लागल्या. मूळ कागद कुठेही जमा करायचा तर सही-शिक्क्याची पोच घ्यावी, आणि त्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती घरी ठेवाव्यात, हे मी आता प्रवेशाच्या हंगामात फळ्यावर लिहून ठेवतो. वाचणारे थोडे. बहुतेक जण त्या फळ्याला पिशवी अडकवतात.

आमच्या नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालयाची नव्वदीतली मुलं आता पन्नाशीला आली, बरीच बाहेर आहेत, आणि त्यांची अडचण ऐकून कुणालाही हसू येईल. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. ज्यांचं शिक्षण या मधल्या काळात चाललं होतं त्यांच्याकडे पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर एक नाव आणि शेवटच्या वर्षाच्या कागदावर दुसरं. परदेशातली पदवी तपासणारी संस्था विचारते, तुम्ही कॉलेज का बदललंत? तो म्हणतो, मी त्याच बाकावर बसलो होतो. अशांनी विद्यापीठाकडून एकदाच खुलाशाचं पत्र घेऊन ठेवावं. दर नोकरीला तीच कथा सांगायला नको.

आमच्या गावाला उलट्या दिशेनंही माणसं येतात. सचखंड गुरुद्वाऱ्यात इंग्लंड-कॅनडाचे शीख यात्रेकरू वर्षभर असतात. अमृतसरहून येणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये एका वृद्ध जोडप्याची बॅग गेली, दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट त्यात. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयात असते हे त्यांच्या नातवाला माहीत नव्हतं, तो दिल्लीला फोन लावत बसला होता. आधी हरवल्याची पोलीस नोंद, मग त्यांच्या वकिलातीकडून तात्पुरता पासपोर्ट. सरदारजींचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयाला मिळतं ते, नशिबानं वेगळ्या पिशवीत होतं. बीजींचा व्हिसा मात्र हरवलेल्या पासपोर्टात, त्यांना बाहेर पडायची परवानगी ऑनलाइन मागावी लागली. सरदारजी दुकानात बसून म्हणाले, ‘‘पुत्तर, साठ साल पहले बिना काग़ज़ के गाँव से निकला था.’’

ओसीआयचं नाव काढलं की आमच्या भागात पहिला प्रश्न शेतीचा. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, १९५५ च्या कायद्याचं नववं कलम तसं सांगतं. तरी लोक जुना भारतीय पासपोर्ट जमा न करता कपाटात ठेवून देतात, आठवण म्हणून किंवा असू द्यावा म्हणून. ती आठवण पुढे दंडाची ठरते. पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय ओसीआयची फाइल हलत नाही. आणि ओसीआय मिळालं तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं येते ती मात्र येते.

उदगीर तालुक्यातली एक लेक टोरांटोला असते. वडील वारले, सातबाऱ्यावर भावाबरोबर तिचंही नाव लागलं. तिला हिस्सा नको होता, हक्कसोडपत्र करून द्यायचं होतं. वकिलातीसमोर सही करून तिनं मुखत्यारपत्र कुरिअरने पाठवलं. परदेशात केलेला दस्त भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. भावानं ते देवघराच्या फडताळात ठेवलं. पितृपक्ष होता, मग सोयाबीनची रास, मग दिवाळी. मुदत गेली. तसे दंड भरूनही मार्ग निघतात, पण बाई म्हणाली, राहू द्या, मीच येते जानेवारीत.

आली तेव्हा हातात कॅनडाचा पासपोर्ट, ओसीआय आणि पॅन. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर तांदळावरचं नाव आणि सासरचं आडनाव. ती आणि ही एकच, असं प्रतिज्ञापत्र मी केलं, सोबत लग्नाचा दाखला लावला. तलाठी ओसीआय कार्ड उलटंपालटं करून म्हणाला, ‘‘हे कोणत्या तहसीलचं? आधार नाही का?’’ ओसीआयवाल्याला आधारसाठी वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं, तिच्याकडे तीन आठवडे होते.

दुय्यम निबंधकाकडे ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात. भावानं शेजारचे दोन शेतकरी आणले. निबंधकांनी पासपोर्टवरचं नाव वाचलं आणि त्यातल्या थोरल्याला विचारलं, या बाईंना ओळखता का?

‘‘या नावाची बाई मला माहीत नाही साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘पण ही आमच्या गुरुजींची धाकटी. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. कुठं सही करू?’’